नाना औषध घेत नाहीत

कुत्र्याला गोळी द्यायची असेल तर ती चपातीच्या तुकड्यात लपवता येते, मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून धरता येते आणि लहान मुलाला औषधानंतरच्या चिमूटभर साखरेचे आमिष दाखवता येते. शॅमेलिऑनच्या, म्हणजे झाडावर राहणाऱ्या, रंग बदलणाऱ्या सरड्याच्या बाबतीत यांपैकी एकही उपाय चालत नाही, हे आमच्या घराला गेल्या पावसाळ्यात नीट समजले. आमिष चालायचे तर देणाऱ्यावर थोडा तरी विश्वास असावा लागतो आणि बळजोरी चालायची तर ती सोसणारे शरीर असावे लागते. शॅमेलिऑनजवळ दोन्ही नाही. वरून येणारा हात म्हणजे झडप घालणारा पक्षी, एवढेच त्याला जन्मापासून ठाऊक असते, आणि असा हात कितीही मायेचा असला तरी ती माया त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग निसर्गाने ठेवलेला नाही.

आमच्याकडचा शॅमेलिऑन मुलीने आणलेला आहे. येमेन आणि सौदी अरेबियाचा नैऋत्य कोपरा हे या जातीचे मूळ घर असून तिला व्हेल्ड शॅमेलिऑन म्हणतात. नर शेपटीसकट दीड-दोन फुटांपर्यंत वाढतो, अंगावर हिरव्या रंगात पिवळे-तपकिरी पट्टे असतात आणि डोक्यावर हाडाचे उंच शिरस्त्राण असते. त्या शिरस्त्राणामुळे आणि कुणाकडेही दोन्ही डोळ्यांनी एकदम न पाहण्याच्या सवयीमुळे मुलीने त्यांचे नाव ‘नाना’ ठेवले, आणि बघता बघता घरातले सगळेच त्यांच्याविषयी आदरार्थी बोलू लागले. पुढे मुलगी शिकायला बंगळुरूला गेली आणि घोडबंदर रोडवरच्या आमच्या आठव्या मजल्यावरच्या घरात तिच्या खोलीसकट नाना आमच्या वाट्याला आले.

नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘म्हणजे आपल्या गावाकडे झाडावर दिसतो तोच ना?’ तो नव्हे. भारतातल्या रानांत आढळणारा शॅमेलिऑन वेगळ्या जातीचा आहे, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ने त्याला संरक्षण दिलेले आहे आणि त्याला धरून घरी आणणे हा गुन्हा आहे. परदेशी जातींचा मामलाही आता मोकळा राहिलेला नाही. वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात हा प्राणी येतो, आणि केंद्र सरकारच्या २०२४च्या नियमांप्रमाणे असा प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद करायची असते. मुलीने ती केलेली आहे. तरीही असा प्राणी घ्यावा का, असे कुणी मला विचारले, तर मी नोंदणीविषयी बोलण्याआधी औषधाविषयी बोलते.

श्रावणाच्या तोंडावर नानांचा नेम चुकू लागला. शॅमेलिऑनची शिकार पाहण्यासारखी असते. एरवी दोन दिशांना स्वतंत्रपणे फिरणारे डोळे तो एकाच बिंदूवर आणतो, जबडा किंचित उघडून जिभेचे जाड टोक ओठांशी आणून ठेवतो, आणि मग अंगाच्या लांबीहूनही लांब जीभ इतक्या वेगाने सोडतो, की आपल्याला फक्त भक्ष्य नाहीसे झालेले दिसते. नाना डोळे रोखत, जबडा उघडत आणि तिथेच अडत. रातकिडा त्यांच्यासमोरून शांतपणे चालत निघून जाई. एका सकाळी खालच्या जबड्याच्या उजव्या कडेला हरभऱ्याच्या डाळीएवढी सूज दिसली आणि नेम का चुकतो, ते कळले.

ठाण्यात कुत्र्यामांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण सरड्याचे नाव काढले की बहुतेक ठिकाणी फोनवर शांतता पसरते. अखेर मुलुंड ओलांडून मुंबईतल्या अशा एका डॉक्टरांकडे गेलो, ज्यांच्या बाकड्यावर त्या दिवशी नानांच्या आधी एक कासव आणि एक पोपट बसलेले होते. त्यांनी सांगितलेली पहिलीच गोष्ट मला नवी होती. आपल्याला गळू झाले तर पू पातळ असल्यामुळे ते कधीतरी फुटते आणि वाहून जाते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पांढऱ्या पेशींत पू पातळ करणारे विकर (एन्झाइम) नसते, त्यामुळे त्यांचा पू कोरडा, घट्ट गोळा होऊन बसतो. तो फुटत नाही, औषधाने विरघळत नाही आणि कापूनच काढावा लागतो. गुंगी देऊन त्यांनी तो काढला, जखम धुतली, आणि संसर्ग हाडापर्यंत गेल्याची शंका असल्यामुळे पुढचे काही आठवडे तोंडावाटे प्रतिजैविक द्यायला सांगितले. मी म्हटले, ‘त्यापेक्षा इंजेक्शनच द्या ना.’

‘देता येईल, मॅडम. पण या औषधाचं इंजेक्शन स्नायूला फार झोंबतं, आणि रोज डब्यात बसून इथपर्यंत यायचा ताण त्याला आजारापेक्षा जड जाईल. घरीच तोंडानं द्या.’

‘पण तोंड उघडायचं कसं?’

‘तोच तर खरा प्रश्न आहे,’ असे म्हणून ते हसले आणि मग गंभीर होऊन बराच वेळ समजावत राहिले.

त्या समजावण्यातला मोठा भाग काय करू नये, याविषयीचा होता. आपले दात जबड्याच्या खाचांत रुतलेले असतात. शॅमेलिऑनचे दात हाडाच्या कडेवरच बसवल्यासारखे असून हाडाशी एकजीव झालेले असतात, आणि पुष्कळ सरड्यांना पडलेल्या दाताच्या जागी नवा दात येतो तसा तो यांना येत नाही. म्हणून चमचा, चिमटा किंवा पट्टी फटीत घालून तोंड उचकटणे वर्ज्य. गळ्याखालची सैल कातडी दोन बोटांत धरून हलकेच खाली ओढली की तोंड उघडते, ही रीत डॉक्टरांनी दाखवली खरी. पण ज्या जबड्यातून कालच गोळा काढला आहे तोच ओढायचा, ही कल्पना मला झेपण्यासारखी नव्हती. बरे, तोंड उघडले म्हणून काम झाले असेही नाही. श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशी, तोंडाच्या तळालाच असते. या प्राण्यांना आपल्यासारखे श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूंचा पडदा नाही, त्यामुळे चुकून औषध श्वासमार्गात गेले तर जोरात खोकून ते बाहेर टाकण्याची सोयही नाही. डोके मागे वाकवायचे नाही, धार सोडायची नाही, मधोमध तर मुळीच सोडायचे नाही.

आणि हे सगळे कशासाठी, तर ०.०७ मिलिलिटर औषधासाठी, म्हणजे जेमतेम दीड थेंबासाठी. नानांचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर १४० ग्रॅम भरते, आणि औषध वजनावर ठरते. औषधांच्या दुकानात बारीक सिरिंज मागितली, की आपल्याकडे हमखास इन्सुलिनची लाल टोपीची सिरिंज हातात ठेवतात. तिच्यावरचे आकडे मिलिलिटरचे नसतात, इन्सुलिनच्या युनिटचे असतात, आणि तिथे ४० युनिट म्हणजे एक मिलिलिटर. नारिंगी टोपीच्या सिरिंजवर हाच हिशेब १०० युनिटचा होतो. मोठ्या माणसाच्या खोकल्याच्या औषधात थोडे इकडेतिकडे झाले तर सहसा बिघडत नाही, पण १४० ग्रॅमच्या जिवाला अडीचपटीची चूक पेलवत नाही. मिलिलिटरच्या शंभराव्या भागाच्या खुणा असलेली, ट्यूबरक्युलिन सिरिंज म्हणतात ती, नाव घेऊन मागावी आणि सुई काढून वापरावी. या लेखातले हे एकच वाक्य कुणी लक्षात ठेवले तरी चालेल.

सर्वांत सभ्य मार्ग अर्थातच भक्ष्यातून औषध देण्याचा. सुपरवर्म नावाच्या जाड अळीत बारीक सुईने औषध भरायचे आणि ती लगेच समोर धरायची. नानांनी ती घेतली, एकदा चावली, आणि प्रतिजैविकाचा कडूपणा जाणवताच तोंड उघडून खाली सोडून दिली. अळीबरोबर किती औषध बाहेर पडले आणि किती पोटात गेले, हे कुणीच सांगू शकत नव्हते, आणि अंदाजाने दुसरा डोस देणे शक्य नव्हते. त्या दिवसापासून सुपरवर्म या खाद्यप्रकाराकडेच त्यांनी पाठ फिरवली. मग फुलाचा प्रयोग झाला. या जातीचे शॅमेलिऑन किड्यांबरोबर पानेफुलेही खातात आणि जास्वंद त्यांना मनापासून आवडते, त्यामुळे आमच्या बाल्कनीतल्या जास्वंदीची पहिली फुले देवाला आणि उरलेली नानांना अशी वाटणी पूर्वीपासून आहे. एका पाकळीवर औषधाचा थेंब सोडून फूल फांदीला अडकवले. नानांनी बाकीच्या चार पाकळ्या खाल्ल्या.

याच काळात मी त्यांचे रंग वाचायला शिकले. सरडा आसपासच्या रंगात मिसळण्यासाठी रंग बदलतो, ही आपली शाळेपासूनची समजूत. प्रत्यक्षात शॅमेलिऑनचा रंग त्याच्या मनःस्थितीशी, अंगातल्या उष्णतेशी आणि समोर कोण उभे आहे याच्याशी जास्त बांधलेला असतो. जिनिव्हा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली पँथर शॅमेलिऑन या दुसऱ्या एका जातीच्या कातडीतली यंत्रणा उलगडून दाखवली. तिच्यातल्या पेशींत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. प्राणी शांत असताना ते जवळजवळ राहून निळा-हिरवा प्रकाश परतवतात आणि तो खवळला की त्यांच्यातले अंतर वाढून पिवळा-तांबडा रंग उमटतो. अंग गडद होते ते मात्र काळ्या रंगद्रव्यामुळे. नानांचे हेच होत असे. मी सिरिंज घेऊन खोलीच्या दारात आले, की त्यांच्या कुशीवरचे फिके ठिपके प्रथम तपकिरी होत, मग दोन पट्ट्यांमधली हिरवाई मावळू लागे, आणि मी पिंजऱ्यापाशी पोहोचेपर्यंत गळ्याखालची झालर काळपट झालेली असे. एक डोळा माझ्या चेहऱ्यावर, दुसरा माझ्या हातावर. माझ्या तोंडाकडे आणि हाताकडे एकाच वेळी, वेगवेगळ्या डोळ्यांनी पाहणारा रुग्ण समोर असला, की गोड बोलून काम साधण्याची उमेद राहत नाही.

वाट सापडली ती यांच्यामुळे, म्हणजे आमच्या ह्यांच्यामुळे. नानांचे माझ्याशी वैर नाही, निव्वळ अविश्वास आहे. ह्यांच्याशी मात्र वैर आहे, आणि त्याचे कारण आजवर कुणाला कळलेले नाही. हे पिंजऱ्यासमोर नुसते उभे राहिले तरी नाना अंग दोन्ही बाजूंनी चपटे करून मोठे दिसू लागतात, फांदीवर डोलतात, फुस्स असा आवाज काढतात आणि तोंड पूर्ण उघडतात. कोवळी, फिकट पिवळसर तोंडाची आतली बाजू, मध्ये गोळा होऊन बसलेली जीभ, आणि कडेला हाडावरची ती बारीक करवत, सगळे स्वच्छ दिसते. जे तोंड आम्ही उघडू शकत नव्हतो, ते नाना रोज आपण होऊन उघडत होते. आम्ही त्याला फक्त राग समजत होतो. डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, की अनुभवी लोक हेच करतात, फक्त त्याला चिडवत ठेवू नका, उघडले की दोन सेकंदांत काम संपवा आणि बाजूला व्हा.

मग रोजचा क्रम बसला. सकाळी दिवा लागल्यावर नानांना तासभर ऊब घेऊ द्यायची, कारण त्यांच्या शरीराला स्वतःची उष्णता नाही आणि थंड अंगात औषध नीट काम करत नाही, की प्रतिकारशक्तीही. पाऊसकाळात आमच्या भागात वीज गेली, की औषधाची वेळ आपोआप पुढे जाई. ऊब मिळाली, की त्यांना हातात न धरता एका सुट्या फांदीवर चढू द्यायचे. शॅमेलिऑनच्या पावलाची बोटे दोन आणि तीन अशा दोन जुड्यांत बांधलेली असतात; पुढच्या पायाला तीन आत आणि दोन बाहेर, मागच्या पायाला बरोबर उलट. त्या जुड्यांनी फांदी आवळली आणि शेपटीचा वेढा बसला, की त्यांचा निम्मा जीव भांड्यात पडतो; याउलट अंग हवेत उचलले, की चारही पाय काहीतरी धरण्यासाठी चाचपडू लागतात. फांदी माझ्या डाव्या हातात, ह्यांच्या डोळ्यांच्या पातळीच्या जरा खाली. हे समोर येत. बाकी त्यांचे काम काहीच नाही, फक्त उभे राहायचे. तोंड उघडले, की मी बाजूने सिरिंज नेऊन ओठाच्या कोपऱ्यात, गाल आणि जबडा यांच्यामधल्या खाचेत, आधी एक थेंब सोडत असे. तोंड मिटे, गळा हले, आणि गिळल्याची खात्री पटली की उरलेले. नाना दुसऱ्यांदा तोंड उघडतील का, ही चिंता करावी लागली नाही, कारण हे अजून समोर उभेच असत.

सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून हे पाहत. नानांच्या खोलीत त्या येत नाहीत. घरात डबाभर जिवंत रातकिडे पाळले जातात, ही गोष्ट त्यांनी मान्य केलेली नाही, केवळ सहन केलेली आहे. पण पहिल्याच दिवशी त्या तिथूनच म्हणाल्या, ‘समोरून नको गं. कडेनं सोड, कडेनं. आणि एक घोट गेल्याशिवाय दुसरा नको.’ त्यांनी चार मुलांना आणि पुढे नातवंडांना पसरलेल्या पायांवर घेऊन बोंडल्याने गुटी पाजलेली आहे. बोंडल्याचे निमुळते टोक ओठाच्या कोपऱ्यात टेकवायचे, बाळ रडण्यासाठी तोंड उघडील तेव्हा अंदाज घेऊन थोडेसे ओतायचे, घशाचा आवाज ऐकायचा, मगच पुन्हा तिरके करायचे. एक्झॉटिक, म्हणजे कुत्र्यामांजरांपलीकडच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी दिलेल्या सूचना आणि बोंडल्याचे हे शास्त्र यांच्यात मला तरी कुठे फरक सापडला नाही. फरक होता तो पुढच्या भागात. बाळ रडून झाल्यावर त्याच पायांवर, त्याच बाईकडे पाहून हसते; तिच्यावरचा राग त्याच्या लक्षातही राहत नाही.

नाना हसले नाहीत, हे ओघाने आलेच. प्राण्याला प्रेम कळते, हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे आणि कुत्र्यांच्या बाबतीत ते खरेही आहे. शॅमेलिऑन एकट्याने राहणारा प्राणी आहे. स्वतःच्या जातभाईचे सान्निध्यही त्याला खपत नाही, तिथे आपला काय पाड. हातावर चढलेला शॅमेलिऑन लळा लागल्यामुळे चढतो, असे छायाचित्रांखाली लिहिलेले असते. बहुतेक वेळा आपला हात ही त्याला जवळची सर्वांत उंच फांदी वाटलेली असते, एवढेच. मला या विचाराचा प्रथम त्रास झाला. आपण पहाटे उठून वजन करावे, थेंब मोजावे, आणि समोरच्याने दरवेळी काळेठिक्कर पडावे, यात कुठेतरी अपमान वाटत होता. मग लक्षात आले, की नानांनी मला ओळखावे, ही माझी गरज होती. त्यांची गरज जबडा बरा होण्याची होती. या दोन्ही गोष्टी मी एकाच सिरिंजमध्ये भरू पाहत होते. त्यानंतर मी त्यांच्याशी बोलणे कमी केले, कुरवाळण्यासाठी पुढे होणारे बोट आवरले, औषध झाले की लगेच खोलीबाहेर पडून दार लोटू लागले. गुण याचाच आला असावा. सिरिंज दिसल्यापासून अंगाचा हिरवा रंग परत येईपर्यंतचा वेळ हळूहळू कमी होत गेला, आणि त्या उपचारांच्या काळात नानांकडून मला मिळालेली पोचपावती म्हणावी तर ती हीच.

बाकी प्रगती मी त्यांच्या मलमूत्रावरून मोजत असे. शॅमेलिऑनसारखे सरडे पातळ लघवीऐवजी मुख्यतः युरेट, म्हणजे यूरिक आम्लाचे घट्ट क्षार टाकतात. ते पांढरे असले तर अंगात पाणी पुरेसे आहे, पिवळे-नारिंगी झाले तर कमी पडते आहे. असल्या औषधांच्या काळात मूत्रपिंडांना पाणी कमी पडून चालत नाही, आणि शॅमेलिऑन वाटीतले साचलेले पाणी सहसा ओळखत नाही, त्याला पानावरून ओघळणारे थेंब लागतात. म्हणून दिवसातून अनेकदा फवारणी. दूरवर बंगळुरूला मुलगी मित्रमैत्रिणींबरोबर जेवत असताना मी तिला या विषयाची छायाचित्रे पाठवत असे. तिने कधी तक्रार केली नाही.

सूज उतरली, नेम परत आला, पण डॉक्टरांनी औषध मध्येच थांबवू नका असे बजावले होते, आणि शेवटचे दिवस नेमके गणपतीत आले. गावी जाणे टाळण्यासारखे नव्हते. सासूबाईही आमच्याबरोबर येणार होत्या. शेवटी समोरच्या फ्लॅटमधले काका तयार झाले. बँकेतून निवृत्त झालेले असल्यामुळे ०.०७ हा आकडा त्यांना एकदाच सांगावा लागला. निघण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांना सगळे शिकवले, लाल टोपी, नारिंगी टोपी, ऊब, फांदी, ओठाचा कोपरा. प्रश्न एकच होता, की हे गावी असताना नानांना राग आणायचा कुणी. ‘बघू तर खरं,’ असे म्हणून काका पिंजऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांच्या अंगात लालभडक कुर्ता होता. नाना एकदम चपटे झाले, फुस्स केले आणि जबडा इतका फाकला, की तसा तो ह्यांच्यासाठीही कधी फाकला नव्हता. सिरिंज अजून रिकामी होती. काका एका हातात बाटली आणि एका हातात सिरिंज घेऊन गडबडीने झाकण उघडू लागले आणि पिंजऱ्याकडे पाहत म्हणाले, ‘थांबा हो नाना, एक मिनिट थांबा, अजून भरलं नाही.’